मैदानाच्या कठड्यावरची मुलगी

सात रस्त्याजवळच्या मैदानावर मी रोज सकाळी चालायला जाते. तिथं कठड्यावर पंधराएक वर्षांची एक मुलगी बसलेली असायची. आई-वडील नाहीत, मामाकडं राहते, एवढंच चहावालीकडून कळलं होतं. काही विचारलं तर ओढणीचं टोक चावत मान खाली घालायची. ती मुकी आहे, असंच मी धरून चालले होते.

समोर मुली खो-खो खेळायच्या. एकदा एक खेळाडू कमी पडली म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी हिचा हात धरून तिला रांगेत बसवलं. मग ती रोजच खेळू लागली. महिन्याभरानं एके सकाळी "खो!" अशी खणखणीत आरोळी आली. मी दचकून वळले. आवाज तिचा होता!

पुढच्याच आठवड्यात, ऐन सामन्यात, तिचे मामा थेट मैदानात शिरले.

"चल घरला! भांडी कोन घासनार?" म्हणत त्यांनी तिचा दंड धरला. साऱ्या मुली उठून तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

तिनं हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही.

"मामा, डाव संपला की येते की. मी गेल्यावर ह्या आठच ऱ्हात्यात."

मामांनी भोवतीच्या मुलींवरून नजर फिरवली. मग गुमान रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. डाव पुन्हा सुरू झाला. मी मात्र फेरी अर्धवट सोडून तिथंच थांबले. वर्षभर मी तिच्या शेजारून फेऱ्या मारत होते. तिला आत न्यावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.