ठमीचं डावं चाक

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता पनवेलच्या पेट्रोल पंपावर मी आणि माझा नवरा आमची गाडी दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवत होतो... मागे रिक्षांची रांग लागली होती आणि सगळे आमच्याकडे बघत होते.

टाकीतली हवा निघून पेट्रोल अगदी तोंडापर्यंत भरावं म्हणून हा खटाटोप. अ‍ॅव्हरेज मोजायचं तर प्रामाणिकपणे मोजायचं, असं आमचं ठरलं होतं.

गाडीचं नाव ठमी. चौदा वर्षांची पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. लिटरला जेमतेम बारा किलोमीटर द्यायची आणि वर धापा टाकायची. नवऱ्याने उलव्यातलं एक गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं, ते सोमवारी येणार होतं.

पण ठमी गेली तर माझा रविवार गेला असता. माझं माहेर उरणच्या बाजूला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मी दर रविवारी एकटीच गाडी काढून जाते. नवरा म्हणायचा, "माझ्या गाडीने सोडेन ना." या 'सोडेन ना'चं पुढे काय होतं, ते बायकांना वेगळं सांगायला नको...

म्हणून मी पैज लावली. पनवेल ते माहेर आणि परत, सोळाचं अ‍ॅव्हरेज पडलं तर ठमी राहणार. नाही पडलं तर किल्ली मी स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात देणार.

दोन महिने मी या गाडीच्या मागे लागले होते. टपावरचं कॅरिअर काढलं. नवऱ्याने हौसेने बसवलेले रुंद टायर काढून मूळचे बारीक टायर घातले, त्यावर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा दर आठवड्याला तपासली.

सगळ्यात भारी काम गाडीच्या पोटाखाली. खालून वारा अडू नये म्हणून मी तिथे जाड प्लास्टिकची शीट बसवली. कोपऱ्यावरच्या जुन्या वाढदिवसाच्या बॅनरची होती, फुकट मिळाली. त्यामुळे आमच्या गाडीखाली एका भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा कायम हसत असतो...

एवढं करूनही गाडी जड चालत होती. त्या रविवारी तर माहेर येईपर्यंत माझा चेहराच पडला. पंच म्हणून शेजारी बसलेला नवरा खिडकीबाहेर बघून हसत होता.

अंगणात आप्पा उभे होते. माझे वडील. तरुणपणी मिठागरातलं मीठ टेम्पोने वाहायचे. आता नजर कमी झाल्यामुळे गाडी चालवणं बंद आहे, आणि खरं सांगायचं तर गाडीबद्दल त्यांना कोणी काही विचारतही नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले, वाकले, आणि एकेका चाकाजवळ हात धरत गेले. मागच्या डाव्या चाकाशी थांबले.

"यो चाक तापलाय गो. ब्रेक धरून ठेवलाय त्यानं."

मग त्यांनी नवऱ्याला कामाला लावलं. जॅक, हातोडी, तेल... गंजलेली हँडब्रेकची केबल अर्धवट ओढलेलीच राहत होती. म्हणजे दोन महिने मी वाऱ्याशी झगडत बसले होते आणि गाडी एक पाय ओढत चालत होती!

गंज कशाने? डिकीत बघितलं तर डाव्या कोपऱ्यातलं, तळाच्या भोकाचं रबराचं बूच गायब आणि भोवती पांढरा थर. दर रविवारी आप्पा मला खड्या मिठाचं पोतं भरून देतात. पनवेलला मीठ मिळत नाही असं नाही, पण लेक माहेरून रिकामी जायची नाही. ते ओलसर पोतं मी कायम त्याच कोपऱ्यात ठेवत आले. मिठाचं पाणी झिरपून थेट केबलवर...

आप्पांनी त्या थरावरून बोट फिरवलं. "मीठ तं आमीच दिला," एवढंच म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं! मी म्हटलं, आप्पा, तुम्ही बघितलंत म्हणून तर कळलं.

केबल सैल केल्यावर त्यांनी बजावलं, "आता हँडब्रेक वडू नको. गेरमधी ठेव न चाकाला धोंडा लाव." मी एका हाताने ढकललं तर ठमी अंगणात घरंगळायला लागली. आई ओट्यावरून ओरडली, "अगो धर तिला!"

निघताना आईने तांदूळ, नारळ, सुके बोंबील असं सगळं डिकीत भरायला लावलं. नवरा म्हणाला, पैज आहे, वजन नको. मी म्हटलं, भरा.

पनवेलला तोच पंप, तेच गदागदा हलवणं. हिशेब नवऱ्यानेच मोबाइलवर केला, दोनदा केला. सोळा पूर्णांक चार! मी पंपावरच दोन्ही हात वर करून ओरडले. पंपावरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. उलव्याला फोन मात्र नवऱ्याने स्वतःहून लावला... गाडी विकायची नाही म्हणून.

आठवड्यात नवी केबल घातली, नवं बूच बसवलं. आज जाताना मी एकटीच होते आणि ठमी अशी पळाली की काय सांगू. येऊन मोजलं, लिटरला एकोणीस.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. मिठाचं पोतं नव्हतं, घट्ट झाकणाचा डबा तयार होता. आणि मी पोचले तेव्हा आप्पा फाटकातच उभे होते. मी उतरायच्या आत ते मागे गेले, डाव्या चाकाजवळ हात धरला, आणि आतल्या आईला मोठ्याने सांगितलं, "थंड हाय!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये गो."