बहिणीची गूळतुला

तमाम सुज्ञ जनांस कळविण्यात येते की, पन्नासच्या दशकात रत्नागिरीतल्या आमच्या आळीत एका राजकन्येची गुळाने तुला झाली होती. राजकन्या म्हणजे माझी धाकटी बहीण. वय तीन महिने, दंड शेवग्याच्या शेंगेएवढे, रडणं मांजराच्या पिल्लाचं.

वडील बोटीवर, त्यामुळे घरात सत्ता आतेची. माता-बालक केंद्रातली नर्सबाई दर महिन्याला आळीत फिरायची. तिने बाळाचं वजन करायचं म्हणताच आते दारात आडवी उभी राहिली.

"पोर काय सुरमय हाय तागडीत घालायला? दृष्ट लागंल!"

नर्सबाईने पिशवी शांतपणे खाली ठेवली. "बरं, वजन नको. तुला करू. गुळाची, देवाच्या नावाने."

आता तुलेला नाही कोण म्हणणार? वाण्याचा मोठा तराजू पडवीत टांगला. एका पारड्यात दुपट्यातली बहीण, दुसऱ्यात गूळ. गूळ इतका थोडा लागला, की प्रसाद वाटताना आळीतल्या प्रत्येक पोराला बोराएवढा खडा मिळाला. वाटणारी मी; मार खायचीच बाकी राहिले.

नर्सबाई मात्र हसली नाही. "हिची आई काय जेवते?"

"बाळंतीण ती. मऊ भात नि मेतकूट."

"तीन महिने तेवढंच? मग दूध यायचं कुठून? मासळी द्या, नाचणीची भाकरी, पालेभाजी द्या. नाहीतर साध्या तापातसुद्धा हे मूल टिकायचं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तुला करू."

आतेचा चेहरा उतरला. त्याच दुपारी आईच्या ताटात बांगडा पडला. मी आळीभर दवंडी पिटली, "जास्त गूळ हवा तर आमच्या आईला खायला घाला!" झालं! कुणी लाल माठाची जुडी आणली, कुणी अंडं, कुणी खाडीतून करवंटीभर तिसऱ्यांचे शिंपले. वर दारातून चौकशी, "काकी, भाकरी सगळी खाल्लीत ना?" हसून हसून आईला ठसका लागायचा.

दोन महिन्यांनी, तिसऱ्या तुलेला पडवी पोरांनी भरली. वाण्याने गूळ घातला. पारडं हललं नाही. आणखी घातला. राजकन्या आपली खालच्या पारड्यात पडून मूठ चोखतेय. अखेर मोठी ढेप चढली, दांडी सरळ झाली आणि वाण्याने हात झटकले.

आते पुढे घुसली, एक डोळा मिटून दांडी न्याहाळली आणि ओरडली, "ओ शेठ, दांडी नीट धरा! आमची पोर याच्याहून भारी हाय!"