दप्तरकाकांचं गिऱ्हाईक

कॉलेजं सुरू झाली की लॅपटॉपच्या त्या दुकानात एक गंमत बघायला मिळायची. कुणीतरी पोरगं पाठीला सॅक लावून मागच्या जिन्याने दोन मजले चढायचं, उतरायचं आणि धापा टाकत काउंटरशी येऊन म्हणायचं, "काका, सोळा इंची नको." ही काउंटरवर विक्री करणाऱ्या काकांनी लावलेली परीक्षा होती. गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या दप्तरात ते दुकानातला लॅपटॉप घालायचे, चार्जरसकट, वर पाण्याची भरलेली बाटली, आणि म्हणायचे, जा, फिरून ये. मालक कुरकुर करायचे, की एक दिवस कुणीतरी मागच्या दाराने पसार होईल तेव्हा कळेल. बावीस वर्षांत कुणी पसार झालं नाही. काकांना मात्र दप्तरकाका हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. शिकतोस काय, बसतोस कुठे, जातोस कशाने. पैशाचं सगळ्यात शेवटी विचारायचे, कारण विद्यार्थ्याच्या खिशाची झेप त्यांना पाठ होती. एक तर स्क्रीन मोठा घ्या, नाहीतर स्टोरेज वाढवा. दोन्ही म्हटलं की बजेट कोलमडलं. आईबापांचा ओढा मोठ्या स्क्रीनकडे, कारण पैसे कुठे गेले ते निदान दिसतं. दप्तरकाका त्यांना बाजूला घेऊन समजवायचे, की अहो, आता स्टोरेज आतल्या बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं, नंतर वाढवू म्हणाल तर वाढणार नाही. कुणाची मुलगी पलंगावर बसून अभ्यास करते, कुणाचा मुलगा दोन बस बदलून जातो, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःची लेक काय शिकते, एवढं मात्र त्यांना धड सांगता आलं नसतं.

ती दहा वर्षांची असताना आईबरोबर दुसऱ्या गावी गेली. फार मोठं भांडण झालं होतं असंही नाही. नवराबायकोचं पटेनासं झालं, बोलणं कमी होत गेलं, आणि एका सुट्टीत दोघी गेल्या त्या राहिल्याच. आता लेक एकोणीस वर्षांची, याच शहरात कॉलेजला, वसतिगृहात. येऊन महिना झाल्यावर तिचा फोन आला. लॅपटॉप घ्यायचाय, शनिवारी दुकानात येऊ का. दुकानात म्हणाली, घरी म्हणाली नाही. तरी दप्तरकाकांना आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक टेबल घेतलं. दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी लावलं, वर दिवा ठेवला, खुर्चीला उशी बांधली. त्यांचा बेत अगदी सरळ होता. सोळा इंची मशीन म्हणजे धोंडा, तो काही रोज खांद्यावर मारून नेता येत नाही. असं मशीन कुठेतरी ठेवावं लागतं, आणि शनिवार-रविवार तिथे जाऊन बसावं लागतं. बावीस वर्षं लोकांच्या पोरांना ज्यातून वाचवलं, त्यातच स्वतःच्या पोरीला अडकवायला हा भला माणूस निघाला होता. राग यावा असंच आहे हे. पण घरी गेल्यावर ज्याच्याशी बोलायला भिंतीसुद्धा कंटाळल्यात, त्याच्यावर रागवायचं तरी किती?

शनिवारी ती आली. त्यांच्याएवढी उंच झाली होती, केस कापलेले. दोघंही काउंटरच्या दोन बाजूंना उभी राहिली. मग काकांनी जे येत होतं तेच केलं. शिकतेस काय? भूगोल, ती म्हणाली. बसतेस कुठे? खोलीत तिघी आहेत, टेबल एकच, त्यामुळे पलंगावर, नाहीतर वाचनालयात. जातेस कशाने? चालत.

दुसरं कुणी असतं तर त्यांनी मुकाट चौदा इंची पुढे केला असता. त्यांनी सोळा इंची आणला आणि नकाशे कसे मोठे दिसतात, डोळ्यांना ताण कसा पडत नाही, याचं पुराण लावलं. स्टोरेज कमी आहे म्हणा, पण बाहेरून डिस्क लावता येते, असंही वर म्हणाले, आणि बोलता बोलता स्वतःचीच त्यांना लाज वाटली. दप्तराचं नाव त्यांनी काढलं नाही.

तिनेच काढलं. दप्तरात घालून जिना चढायला लावता ना तुम्ही, मैत्रिणीने सांगितलंय, असं म्हणून तिने सॅक पुढे केली. ती वर गेली, खाली आली. काका खाली उभे राहून तिची पावलं ऐकत होते. या पायांचा आवाज आपल्याला ओळखता येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

"जड आहे," ती म्हणाली.

"रोज न्यायचा कशाला? माझ्याकडे ठेव. टेबल घेतलंय मी तुझ्यासाठी."

तिने सॅक काउंटरवर उतरवली. "मला रोज लागेल, बाबा."

कमी पडतील ते पैसे ते घालायला तयार होते. तिने स्कॉलरशिपमध्येच बसवायचं म्हटलं आणि बाकीच्यांना द्याल तेच बिल मला द्या म्हणाली. चौदा इंची निवडला, पण स्टोरेज मात्र सगळ्यात मोठं, एक टीबी. भूगोलाला एवढं लागत नाही, हे काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा तिने हातातल्या कापडी पिशवीतून आईचा जुना लॅपटॉप काढला. बिजागरी तुटलेली, टेपने बांधलेली.

"यातलं सगळं नव्यात हवंय. काही गाळू नका," ती म्हणाली. पासवर्ड तिने कागदावर लिहून दिला. "मी दोन तासांनी येते. सावकाश करा."

काकांनी केबल जोडली. कॉपी सुरू झाली की फोल्डरांची नावं सरकताना दिसतातच, ती टाळता येत नाहीत. शाळेचं नाटक. सायकल. नवीन घर. मग दवाखाना, त्यात तीनशे बारा फोटो. दवाखान्यात कोण होतं? त्यांना कुणी कळवलं नव्हतं, की कळवलं होतं आणि ते विसरले होते? बोट माउसवर गेलं. एक क्लिक, आणि नऊ वर्षं समोर उघडली असती.

पण दुकानात त्यांचा एक नियम होता आणि तो ते देवाच्या शपथेसारखा पाळत. गिऱ्हाईकाच्या मशीनमधलं काही उघडायचं नाही. या पोरीला आपण दुसरं काही देऊ शकलो नाही, निदान हा विश्वास तरी द्यावा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी स्क्रीन भिंतीकडे फिरवला आणि दोन तास केबल्सचा गुंता सोडवत बसले. मनातून त्यांना फार बरं वाटत होतं.

ती आली तेव्हा त्यांनी नवा लॅपटॉप पुसून तिच्यापुढे ठेवला. "सगळं आलंय. आणि एकही फाइल उघडलेली नाही हं मी," ते जरा अभिमानानेच म्हणाले.

"एकही नाही?"

"गिऱ्हाईकाचं काही बघायचं नसतं."

"मी रस्त्यापलीकडे, समोरच्या बाकावरच बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही स्क्रीन फिरवलात ते दिसलं मला. मला वाटलं होतं, बघाल."

हातातलं फडकं त्यांनी उगाच घडी करून ठेवलं. "आता दाखवतेस?" त्यांनी विचारलं.

"आता नको. बघू पुढे कधीतरी."

ती रागाने बोलली नाही. नऊ वर्षं ती फोनवर विचारायची, बाबा, कधी येणार, आणि ते हेच म्हणायचे, याच शब्दांत. तिला ते पाठ झालं होतं, इतकंच.

तिने दोन्ही लॅपटॉप सॅकमध्ये घातले आणि बिल मागितलं. काकांनी नाव लिहिलं. खाली पत्त्याची ओळ होती. पत्ता त्यांनी तिला विचारून लिहिला.