आन्याचा प्रश्न

परवा लीड्सच्या बाजारात एका पोलिश बेकरीतून खसखशीच्या केकचा वास आला आणि मला आन्या आठवली.

मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे; आन्या आमच्या वॉर्डात नर्स होती. युरोपातल्या देशांच्या संघाला शांततेचं पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा तिनं घरून असाच केक करून आणला होता. "माझे एक आजोबा पोलिश, दुसरे जर्मन," ती सांगत होती. "युद्धात दोघं समोरासमोर होते. माझ्या आईबाबांच्या लग्नात मात्र शेजारी बसून जेवले."

स्टाफरूममध्ये आमचे वरिष्ठ डॉक्टर, इंग्लिश कन्सल्टंट, होते. त्यांना हसवायच्या नादात मी म्हणाले, "शांतता कसली? यांनी इथं येऊन आमच्या नोकऱ्या घेतल्यात, त्याचं बक्षीस असेल!"

सगळे हसले. मला नागपूरहून व्हिसावर येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आन्यानं सुरी खाली ठेवली. "आमच्या म्हणजे कोणाच्या, डॉक्टर?"

पेशंटचं निमित्त काढून मी बाहेर सटकले.

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकत्र ड्युट्या केल्या, पण मी कधी माफी मागितली नाही. पुढे संघात राहायचं की नाही यावर मतदान झालं, ब्रिटन त्या संघातून बाहेर पडलं आणि आन्याही कायमची परत जायला निघाली. तिच्या निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली.