दुसऱ्याच्या अर्जातलं वाक्य

सुमनताई गायकवाड यांची आणि माझी पहिली भेट मला फारशी शोभा देणारी नाही. नायगावच्या बीडीडी चाळींतल्या विहारात त्या दर रविवारी सकाळी इंग्रजी पत्रलेखन शिकवत. मी कारकून, आपलं इंग्रजी दाखवून शाबासकी मिळवावी म्हणून गेलो. पत्राचा शेवट केला होता, 'काइंडली डू द नीडफुल'. बाईंनी शांतपणे विचारलं, नेमकं काय करायचं ते साहेबांनी ओळखायचं का? सगळा वर्ग हसला. तरी पुढच्या रविवारी मी परत गेलो, हे माझं नशीब.

एका कंपनीत स्टेनो म्हणून हयात गेलेल्या बाईंचा ठरावीक वाक्यांवर राग नाही. ती कुठे शोभतात, कुठे नाहीत, हे त्या समजावतात. मैत्रिणीला लिहिलेल्या सांत्वनपत्राची सुरुवात 'विथ रेफरन्स टु' अशी करणाऱ्या एका मुलीला त्यांनी जवळ बसवलं, मैत्रिणीच्या गेलेल्या वडिलांबद्दल बोलतं केलं आणि तेच लिहायला लावलं. एक नियम मात्र त्या कधी मोडत नाहीत. इंग्रजी अर्ज सही करणाऱ्याला आधी मराठीत वाचून दाखवायचा.

वडील गेल्यावर पुनर्विकासातलं घर आईच्या नावावर व्हायचं होतं. मी शेजाऱ्यांचा मंजूर झालेला अर्ज आणला आणि फक्त नावं बदलली. मंजूर अर्जातला शब्द हलवायचा नाही, ही आमच्या चाळीची रीत. शेवटी 'आय हॅव नो ऑब्जेक्शन' असं एक भारदस्त वाक्य होतं. त्याचा अर्थ मला कळत होता. पण अशी वाक्यं अर्जात असतातच, म्हणून राहू दिलं. सहीआधी आईला घेऊन बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी ते आईला मराठीत वाचून दाखवलं: घर मुलाच्या नावावर करायला माझी हरकत नाही. मूळ अर्ज करणाऱ्या शेजारच्या आजींनी खरंच तसं ठरवलं होतं. माझ्या आईला कुणी विचारलंच नव्हतं.

आई म्हणाली, "बाई, मला घर माझ्याच नावावर पायजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. वाक्य काढून त्यांनी अर्ज नव्याने टाइप केला आणि आईसोबत स्वतः कचेरीत गेल्या.

आज चौदाव्या मजल्यावरच्या दारावर आईच्या नावाची पाटी आहे. पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची इच्छा. आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, "लिही, घर माझं हाय, कुणाला विचारायला लागत नाय. कधीपण या, हवं तेवढं राहा."