परण्याची घोडी

घोडी टेंपोतून उतरली तीच नाचत. ढोल नाही, ताशा नाही. पुसेगावजवळचं माझं रान, बाजूला गुडघाभर सोयाबीन आणि रस्त्यानं जाणारी एखादी जीप, एवढाच काय तो आवाज. मालकानं लगाम जरासा आखडला आणि तिनं पुढचे पाय एकाआड एक उचलायला सुरुवात केली. मान कमानीसारखी वळलेली, तोंडाला फेस, डोळ्यांचा पांढरा भाग बाहेर आलेला. मालक म्हणाला, "पाहा फौजी, कशी ग्वाड नाचती!" मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

मालक गोरेगावचा. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्याला घोडी पुरवणं हा त्याचा धंदा आणि ही त्याची एकुलती एक घोडी. मागच्या सराईत ती वाजंत्र्यांत बिथरली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नवरदेव मागच्या मागं पडला. बिचाऱ्यानं हाताला प्लॅस्टर घालून नवरीला हार घातला. तेव्हापासून घोडीचं नाव खराब झालं.

"तुळशीच्या लग्नापत्तोर हिला माणसात आणा," मालक म्हणाला. "न्हाई तर बदलीवाला व्यापारी टपूनच बसलाय. त्याची नाचणारी घोडी मी घेतो, ही त्याला देतो. तो हिला वीटभट्टीवर घालील."

वीटभट्टीवरची जनावरं मी पाहिलेली आहेत. त्यांच्याविषयी लिहायला हात धजत नाही. मी त्याला म्हणालो, "बांध त्या लिंबाला आणि जा." असा मी, रागीट. बायको म्हणते, माझ्याशी घोडीच संसार करू जाणे.

मी फौजेत पंचवीस वर्षं घोडे आणि स्वार घडवले. त्यातही माझं काम ड्रेसाजचं. घोड्यानं आणि स्वारानं एकमेकांचं ऐकायला शिकायचं, इतकं की स्वारानं लगामावर बोटं मिटली की घोडा थांबावा आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळूही नये. निवृत्त होऊन गावी आल्यावर मी रस्त्यालगतचा तुकडा पड ठेवला, त्यावर मुरूम टाकला, वीस मीटर बाय साठ मीटरचं मैदान आखलं आणि कडेनं तेलाचे रिकामे डबे मांडून त्यांवर घोडा वळवायच्या खुणांची अक्षरं रंगवली. लोक जीप थांबवून विचारायचे, "प्लॉटिंग पाडलं का? कोपऱ्याच्या प्लॉटचा काय भाव?" मी सांगायचो, हे घोड्याचं मैदान आहे. ते नाक मुरडून म्हणायचे, मग घोडा कुठंय? घोडा नव्हता. म्हणून ती नाचत उतरली तेव्हा मला राग आला तसा आनंदही झाला, हे कबूल करतो.

खरारा करताना तिच्या पुढच्या पायांवर हात गेला. खुरांच्या वर, दोन्ही पायांना, केस नसलेली गुळगुळीत कडी होती. दोरानं कापलेली. घोडी नाचायला कशी शिकवतात ते मला ऐकून ठाऊक होतं. दोन खुंटांमध्ये पाय बांधतात, समोर ताशा वाजवतात आणि प्रत्येक ठोक्याला गुडघ्याखाली काठी मारतात. जनावर पाय उचलतं. मग ताशा ऐकला तरी उचलतं. मग लगाम ओढला तरी उचलतं. ड्रेसाजमध्येही घोडा जागच्या जागी दुडकतो. ती फार वरची पायरी आहे, तिथवर जायला पाच-सहा वर्षं लागतात आणि घोडा ते मोकळ्या अंगानं करतो. हिनं ते भीतीनं केलं होतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर लोक टाळ्या वाजवतात.

पहिले पंधरा दिवस मी तिच्यावर बसलोच नाही. मोहरकी घालून नुसता सोबत चालत राहिलो. ती पाय उचलायला लागली की मी दोर सैल सोडायचो, पाठ करून उभा राहायचो. शांत झाली की पुन्हा चालायला लागायचो. बायको सकाळी डबा भरताना विचारायची, "अवो, सवतीसाठी बी एक भाकर टाकू का?" मी म्हणायचो, टाक. खरंच टाकायची.

पोळ्यानंतर आठवड्यानं मी खोगीर घातलं. लगाम हातात घेतला की ती नाचायची. मी सोडून द्यायचो. दिवसातून शंभरदा. माझ्यासारख्या तापट माणसानं एवढा धीर कुठून आणला, हे मलाच कळत नाही. घरी चहात साखर कमी पडली तरी मी तोंड सोडतो. पण त्या पाठीवर बसलो की मला राग येत नसे.

दसऱ्याच्या आसपास, सोयाबीन निघून गेलं होतं आणि रान उघडं पडलं होतं, त्या सकाळी मैदानाच्या मधोमध मी बोटं मिटली आणि ती थांबली. चारही पाय जमिनीवर. मी मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार. तिनं मान खाली सोडली आणि नाकातून लांब फुरफुरली. मी उतरलो आणि तिच्या मानेला मिठी मारून रडलो. रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमधल्या लोकांना काय वाटलं असेल ते असो.

मालक दर आठवड्याला यायचा. मी त्यालाही पाठीवर बसवलं. वीस वर्षं घोड्यांत राहिलेला माणूस, पण कधी घोडीवर बसला नव्हता! लगाम धरून पायी चालणं एवढंच त्याचं काम. बसला तो धोंड्यासारखा. मी ओरडायचो, "टाच खाली! कोपर अंगाला! अरे, तुला पोतं म्हणून बांधलंय का?" तो हसायचा, घाबरायचा, आयाळ धरायचा. महिन्याभरात त्याला गोल फेरी नीट घेता यायला लागली. एकदा उतरून म्हणाला, "फौजी, ही आपलं ऐकती व्हय? मला वाटायचं, मारल्याबिगर जनावराला कळतच न्हाई." त्या दिवशी मी त्याला माफ केलं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलाच परण्या गोरेगावातच होता. मालकाच्या नात्यातलंच लग्न. मी पांढरा सदरा घालून घोडीच्या बाजूनं चाललो. बँड होता, मागं गाडीवर भोंगे होते, पोरं अंगात आल्यासारखी नाचत होती. घोडी त्या सगळ्या गदारोळातून मान सैल सोडून, कान माझ्याकडं लावून, सावकाश चालत गेली. मारुतीसमोर मी लगाम धरून चालणाऱ्या मालकाला खूण केली, त्यानं बोटं मिटली आणि ती चारही पाय सरळ टेकून चौकोनी उभी राहिली. नवरदेव पाटावर बसल्यासारखा बसला होता. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. फौजेतल्या कुठल्या ढालीपेक्षा मला ते थांबणं मोठं वाटत होतं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "घोडी बिमार हाय का?"

नवरदेवाचा मामा पुढं आला. "नाचत काहून न्हाई? नाचणारी सांगितली व्हती आमाला!" बँडवाल्यानं तिच्या तोंडापाशी येऊन ताशा बडवला. घोडीनं माझ्याकडं पाहिलं आणि उभीच राहिली. मामा मालकाला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलला. "असं मुर्दाड जनावर आणून आमची शोभा केली. हिच्यापरीस मोटरसायकल बरी व्हती." लोक हसले. त्या गर्दीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मालकाला फोन यायला लागले. सेनगावचं रद्द, हिंगोलीचं रद्द. सगळ्यांना नाचणारीच पाहिजे होती.

ज्या दिवशी ती टेंपोतून उतरली, त्याच दिवशी मी हे विचारायला पाहिजे होतं. 'माणसात आणा' म्हणजे काय आणा? पडू देऊ नका, पण नाचवा, असं त्याला म्हणायचं होतं. मला एवढंच दिसलं की हिला भीती वाटते, ती काढायची. पंचवीस वर्षांचा उस्ताद आणि एवढं साधं विचारलं नाही. भीतीबरोबर तिचं पोटही मी काढून घेतलं.

मालक आला तो बांधावरच बसला. "गुरुवारी व्यापारी येऊन राहिला," म्हणाला. मी म्हणालो, मीच घेतो घोडी. तो म्हणाला, "तुमच्या पैशात मला नाचणारी येईल का, फौजी?" मी बोललो तो आकडा ऐकून त्यानं नुसती नकाराची मान हलवली. त्याचीही चूक नव्हती. त्याच्या घरात चूल त्या नाचावर पेटायची.

मधे तीन दिवस होते. मी रीतसर मार्गानं, न मारता, तिला नाच शिकवायला सुरुवात केली. जमिनीवरून, लांब दोरी लावून, चाबकाचं टोक मागच्या पायाला नुसतं टेकवायचं आणि चालीतून अर्धं पाऊल मागायचं. घोडी इतकी मन लावून ऐकायची! मी काय म्हणतोय ते तिला कळावं म्हणून तिची धडपड चालायची. सोमवारी तिनं एक पाऊल दिलं. मंगळवारी दोन. मी बाजरीचा घास दिला, शाबासकी दिली आणि बाजूला जाऊन कपाळ बडवून घेतलं. सहा वर्षांचं काम मी तीन दिवसांत मागत होतो. बायको बांधावर येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिनं थट्टा केली नाही. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली.

बुधवारी सकाळी मालक दोर घेऊन आला. ताशाही आणला होता. त्यानं लिंबाजवळ दोन खुंट ठोकले. मी म्हणालो, "माझ्या रानात हे होणार नाही." तो म्हणाला, "मग गुरुवारी तुमीच तिला टेंपोत चढवा." मी खुंटांपासून बाजूला झालो. त्यानं तिच्या पायाला दोर लावायला घेतला तर तिनं लाथ झाडली. पुन्हा गेला, पुन्हा झाडली. मग तो माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही खरं आहे.

"तुमीच बांधा, फौजी. तुमच्यावर भरवसा हाय तिचा. तुमाला लाथ न्हाई मारणार."

मी गेलो. तिनं मान माझ्या खांद्यावर ठेवली. मी वाकलो, त्या गुळगुळीत कड्यांवरच दोर बसवला आणि गाठ मारली. ती हलली नाही. मग मी काठी घेतली. मालकानं ताशा वाजवला आणि मी तिच्या गुडघ्याखाली मारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असावं, आपलं काहीतरी चुकलं. तिनं सरळ, चौकोनी उभं राहून दाखवलं, मी शिकवलं होतं तसं. मी पुन्हा मारलं. तिसऱ्या फटक्याला तिला सगळं आठवलं.

ती नाचायला लागली. मान वळली, डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला. मालक आनंदानं ओरडला, "आली, आली!" आणि माझं तोंड पाहून ताशा वाजवायचा थांबला. ती थांबली नाही. मी काठी टाकली, दोर सोडले, तरी किती तरी वेळ ती तिथंच पाय उचलत राहिली. तीन महिन्यांत शिकवलेलं तीन फटक्यांत पुसलं गेलं, आणि ते मी माझ्या हातानं पुसलं. मी पाठ फिरवून बोरीच्या झाडाआड गेलो.

व्यापारी गुरुवारी आला तसा परत गेला. घोडी वाचली. हे मी स्वतःला रोज सांगतो. सराईभर तिला फुरसत नाही, मालकाचा फोन सारखा वाजतो. फौजीनं घोडी तयार केली, असं चार गावांत झालं. दोघे घोडीवाले आपापली जनावरं शिकवायला घेऊन माझ्याकडं आले होते. मी त्यांना शिव्या देऊन हाकललं. त्यांना वाटलं, भाव वाढवून मागतोय.

परवा शिरड शहापूरला एका लग्नाला गेलो होतो. माहीत असतं तर गेलो नसतो. परण्या मारुतीपाशी पोचला होता, नवरदेव आत दर्शनाला गेला होता, वाजंत्रीवाले सावलीत चहा पीत होते. सगळं शांत होतं. घोडी एकटी उभी होती, झुलीत, घामानं भिजलेली, मान खाली. एका पायाला विसावा देऊन ती डुलकी घेत होती. मला राहवलं नाही. तिची मान एकदा थोपटावी म्हणून मी समोरून, तिला दिसेल असा, हात पुढं करून गेलो.

तिनं मला पाहिलं. कान मागं गेले. आणि ढोल नाही, ताशा नाही, कुणी लगामाला हात लावलेला नाही, अशी ती नाचायला लागली.

"अरे, पाहा पाहा, वाजंत्री न्हाई तरी नाचून राहिली!" कुणीतरी मोबाईल काढला. लोक गोळा झाले, टाळ्या पडायला लागल्या. मी हात खाली घेतला. ती नाचतच होती, माझ्यावरची नजर न काढता. मी एक एक पाऊल मागं सरत गेलो, गर्दीच्या मागं, देवळाच्या भिंतीच्या आड, तिला दिसणार नाही असा. मग ती थांबली.