कुलूप असलेल्या घरांचे फॉर्म

टपाल खात्यातून निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांत घरच्यांना नकोसा झालो. बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसायचो. एका संशोधक बाईंना मनीषनगरच्या गल्ल्या माहीत असलेला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा माझा होकार बायकोनंच कळवून टाकला.

शहर डिजिटल झालं म्हणजे त्यात राहणाऱ्यांना काय कळतं, कोणाकडून कळतं, याचा या बाईंचा अभ्यास होता. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका. उद्या नळाला पाणी येणार नाही, हा निरोप हल्ली फोनवर येतो. तो खरंच घरात पोचतो का, हा एवढासा प्रश्न त्या वर्षभर धरून बसल्या होत्या. मला आधी हसूच आलं. अभ्यास डिजिटल शहराचा आणि माझ्या पिशवीत कागदी फॉर्मांचा गठ्ठा!

पण त्यांना लोकांशी बोलताना पाहिलं आणि माझं हसू गेलं. विद्यापीठातली मराठी त्या चपलेबरोबर दाराबाहेर ठेवायच्या. कोणी म्हणालं की आम्हाले काय समजते, तर वही मिटून तिथंच मांडी घालायच्या आणि म्हणायच्या, मग मलेच समजावून सांगा. एवढी शिकलेली बाई, पण समोरच्याचं वाक्य त्यांनी कधी मध्येच तोडलं नाही. मला ते आजही जमत नाही.

मे महिन्यात त्यांनी एका वस्तीत मला एकट्याला पाठवलं. मी झपाट्यानं काम उरकलं. बहुतेक फॉर्मांवर एकच उत्तर होतं, हो, फोनवर कळते. मॅडमच्या अहवालात वाक्यही लिहून झालं की निरोप जवळजवळ प्रत्येक घरी पोचतो. सोमवारी तो अहवाल महापालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर वाचायचा होता.

शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर पाच फॉर्म मांडलेले. वेळ लिहायची माझी जुनी सवय, ती अंगाशी आली. पाचही फॉर्मांवर पावणेअकरा. एकाच वेळी मी पाच घरांत कसा होतो, असं त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. पहिलं घर उघडं होतं, बाकी चारांना कुलूप होतं. कुलूप दिसलं की टपाल शेजारी देऊन यायचं, हे तीस वर्षं हाडात मुरलेलं. त्या चार घरांतल्या बायकांचीही उत्तरं पहिल्या घरच्या बाईनं न अडखळता सांगितली होती. तिला तर कोणाच्या भाजीत तिखट किती हेही ठाऊक होतं. आणि त्या वस्तीतल्या सगळ्याच बंद घरांचे फॉर्म मी असेच भरले होते.

मॅडमनी ते पाचही फॉर्म एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "पत्र शेजारी देता येतं, काका. उत्तर शेजारून घेता येत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं वर्ष माझ्यामुळे मातीत जात होतं. मी सुचवलं की तसंच राहू द्या, कोणाला कळतंय? त्यांनी माझ्यासमोरच अधिकाऱ्यांना फोन लावला, माहितीत चूक झाली आहे म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवस मागितले. पलीकडून बरंच ऐकावं लागलं असणार, चेहऱ्यावरून कळत होतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मग रोज दिवेलागणीला आम्ही त्या वस्तीत. कुलुपं तेव्हाच उघडायची, कारण बायका बुटीबोरीच्या कारखान्यांतून तेव्हा परतायच्या. त्या चौघींपैकी एक म्हणाली, "मोबाइल तं पोराजवळ राह्यते. मले भिंतीवरून हिनं सांगतलं." ही म्हणजे तीच पहिल्या घरची बाई. बाकी तिघींनाही तिनंच सांगितलेलं. पाच घरांत कामाचा फोन एक.

मॅडमनी विचारलं, "अन् हे माहेरी गेली तं?"

"गेली होती न मागच्या महिन्यात. पाणी भरलंच नाही आम्ही. तसंच गेलो कामावर."

मॅडमचं पेन थांबलं. अहवालातलं ते वाक्य त्यांनी तिथंच, त्या ओट्यावर बसून खोडलं. पुढं गल्लीगल्लीत हेच निघालं. निरोप फोनवर यायचा खरा, पण घरोघरी पोचवणारी कोणीतरी एक बाई असायची आणि ती कुठल्याच यादीत नव्हती.

पंधरा दिवसांनी झालेल्या सभेत मी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. एका साहेबांनी विचारलंच, की पहिल्या खेपेला फॉर्म चुकीचे कोणी भरले. मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. कुलूप दिसलं तर काय करायचं, ते मी फॉर्मवर लिहिलंच नव्हतं."

एवढं ऐकल्यावर मला बसवेना. उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, ते मी भरले होते."

मॅडमनी माइक माझ्याकडे सरकवला आणि आपण खाली बसल्या. म्हणाल्या, त्या भिंतीपलीकडच्या बाईंचं तुम्हीच सांगा. मी सांगितलं, आणि मध्ये एकदाही त्यांनी मला दुरुस्त केलं नाही.

आता त्यांचा नवा अभ्यास शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात चालू आहे. फॉर्मवर सगळ्यात वर छापलंय, कुलूप असेल तर परत या. ती ओळ त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली.